पुलाच्या अलीकडचं घर

लहानपणी आई तिची वेणी घालायला बसली की एक पेड पुरा होईतो पोरगी उठून दाराशी पोचलेली असायची. आई हातात फणी घेऊन मागे मागे. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय," असं आई एकदा वैतागून म्हणाली आणि नाव चिकटलं ते कायमचं. लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिला वाटलं, चला, आता तरी या नावातून सुटले. पण गॅसवर दूध ठेवून ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तिथून शेजारणीशी बोलायला गेली, आणि सासूबाईंना करपलेलं पातेलं घासावं लागलं. घासता घासता त्या म्हणाल्या, "सून आणली का भिंगरी आणली?" माहेरचं नाव त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. थोरला दीर म्हणायचा, "आमच्या घरात एक वर-खाली जातो, एक इकडून तिकडे जाते. जाग्यावर आहे ती फक्त आई." हा दीर म्हणजे घरातला विनोद. मालवाहू टेम्पो चालवायचा, दिवसभर पोती आणि खोकी, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की घर हसवायचा. त्याची बायको, म्हणजे भिंगरीची जाऊ, कमी बोलणारी. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. तिथं हॉटेलांच्या आणि मोठ्या रुग्णालयाच्या चादरी धुऊन, वाळवून, तापलेल्या रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडत. रुळाच्या तोंडाशी उभं राहून चादर सरळ धरायची, हे तिचं काम. वाफेनं तिचा चेहरा कायम नुकताच पुसल्यासारखा दिसे.

भिंगरीला काम मिळालं तेही चालण्याचंच. वस्तीच्या मधून एक कालवा जायचा आणि त्यावर एकच पूल होता. दोन्ही बाजूंना सारखीच घरं, सारखेच जिने, सारखीच माणसं. एका संशोधन संस्थेला बघायचं होतं, की ब्लडप्रेशरच्या माणसांच्या घरी दर महिन्याला कुणी जाऊन मोजलं, गोळ्या हातात दिल्या आणि चार शब्द बोललं, तर अर्धांगवायूचे झटके कमी होतात का. त्यासाठी शहरातल्या सारख्या वस्त्यांच्या जोड्या लावल्या आणि चिठ्ठ्या टाकल्या. जोडीतल्या एका वस्तीत घरभेटी आणि गोळ्या. दुसरीत काही करायचं नाही. सुरुवातीला एकदा मोजायचं, शेवटी एकदा मोजायचं आणि मधे काय होतं ते बघायचं. या जोडीत चिठ्ठी निघाली पुलापलीकडची. अलीकडे, जिथं भिंगरीचं घर होतं, तिथं नुसतं बघायचं.

"म्हणजे मी राहते इथं आणि मोजायचं तिथं?" तिनं प्रशिक्षणातच विचारलं.

या अभ्यासाच्या प्रमुख असलेल्या डॉक्टरबाई उंच होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून तोच शोधत फिरणाऱ्या. त्यांनी उत्तर टाळलं नाही. "मला दोन्हीकडे जायला आवडलं असतं. पण तेवढ्या गोळ्या नाहीत, तेवढी माणसं नाहीत, आणि याचा खरंच उपयोग होतो हे अजून कुणी दाखवलेलं नाही. ते दाखवता आलं तर सगळ्यांसाठी मागता येईल. तोवर तुमच्या बाजूला मशीन बाहेर काढायचं नाही. जमेल?"

"जमवीन," भिंगरी म्हणाली. खांद्याला अडकवायची निळी पिशवी, तिच्यात दंडाला गुंडाळायचा पट्टा, मशीन, गोळ्यांची पाकिटं. ती पिशवी घेऊन पूल ओलांडताना तिला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला एका जागी न बसण्याचे पैसे देतंय.

गंमत अशी, की मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवावं लागतं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, तोंड बंद. भिंगरी समोर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा हलवत राही. पलीकडच्या एका म्हातारबुवांनी तिला सुनावलंही, "बाई, तुमच्याकडे बघूनच माझं वाढतंय. जरा भिंतीकडे तोंड करा."

सुरुवातीची मोजणी अलीकडेही झाली. दुसऱ्याच कुणी दोघी आल्या, सकाळी अकराच्या सुमाराला. घरी सासूबाई होत्या. त्यांचं मोजलं. ठणठणीत! दीर टेम्पोवर, जाऊ लाँड्रीत, भिंगरी पुलापलीकडे. घरात जो सापडला त्याचं मोजून त्या दोघी पुढच्या घरी गेल्या.

जाऊचं डोकं तेव्हाही दुखत होतं. कामावरून आली की ओढणीनं डोकं करकचून आवळून ती भांडी घासायला बसे. भिंगरी म्हणे, "जाऊबाई, केंद्रात दाखवा ना." आरोग्य केंद्र अलीकडेच होतं, गल्लीच्या टोकाला, नुकतंच रंगवलेलं. पण डॉक्टर आठवड्यातून दोन-तीनदा यायचे, तेही सकाळी, आणि लाँड्रीचा भोंगा त्याच्या आधी वाजायचा. तिथं फाटकाबाहेर काम मागणाऱ्या बायका रोज उभ्या असत. एक दिवस न जाणं म्हणजे आपली जागा त्यांच्यातल्या एकीला देऊन येणं.

दीर म्हणायचा, "हिचं नातंच जाऊ. बाजारात जाऊ, माहेरी जाऊ, लग्नाला जाऊ. दवाखान्यात जाऊ म्हटलं की बसू."

सगळे हसायचे. जाऊसुद्धा. हसताना कपाळ दाबून धरायची.

घरात निळी पिशवी दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली असे. जाता-येता भिंगरीचा हात तिकडे जाई आणि ती तो मागे घेई. पलीकडे तिनं अशी कितीतरी डोकी बघितली होती. ती भाकरीला बसली तरी कान जाऊच्या खोलीकडे. जाऊ उठली की ही उठणार, जाऊ बसली की ही बसणार. नवरा म्हणाला, "तू तिच्यावर पहारा ठेवतेस का काय?"

एका सुट्टीच्या दुपारी जाऊ घरातलीच एक चादर घडी घालत होती. घडी अर्ध्यावर आली आणि तिनं भिंत धरली. "काजवे," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं."

भिंगरीनं पिशवी खाली घेतली.

"अगं, तुला मनाई आहे ना?" जाऊनं विचारलं.

"आहे. बसा. पाय टेकवा. बोलू नका."

दीर दारात उभा. "पाच मिनिटं बायको गप्प? हे मशीन मला विकत दे."

"भाऊजी, तुम्हीही बोलू नका!"

पट्टा फुगला, सुटला. भिंगरीनं आकडा बघितला आणि पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. मग पुन्हा पहिल्या. सासूबाईंना राहवेना. "किती?"

"जास्त."

"म्हणजे किती?"

"मशीन बिघडलेलं असलं तर बरं, इतकं."

मशीन बिघडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीचा भोंगा वाजला तेव्हा जाऊ टेम्पोत बसलेली होती, मधे भिंगरी आणि स्टिअरिंगवर दीर. मोठं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. फाटकापाशी दोघी उतरल्या आणि रखवालदारानं टेम्पोला हाकललं. "मालाची गाडी इथं उभी करायची नाही." दीर गेला फेऱ्या मारायला. जोवर आत रांग सरकत होती तोवर तो बाहेर रुग्णालयाला प्रदक्षिणा घालत होता, आणि दर फेरीला खिडकीतून हात बाहेर काढून काय झालं असं खुणेनं विचारत होता. भिंगरी रांगेतून बाहेर पळत येऊन हात हलवी, अजून नाही, अजून नाही, आणि परत आत पळे.

नंबर आला तेव्हा तरुण डॉक्टरनं आकडा बघून मान वर केली. "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

"तुमच्याच चादरींना इस्त्री करत होते," जाऊ म्हणाली.

मग त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली, नीट तपासलं, सावकाश समजावून सांगितलं. माणूस चांगला होता. गोळ्या महिन्याभराच्या मिळाल्या. पुढच्या महिन्याला पुन्हा इथंच यायचं. तुमच्या केंद्रात या मिळत नाहीत, तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचंच तोंड उतरलं.

लाँड्रीत जाऊची जागा गेली नाही, पण बदलली. रुळावर दुसरी बाई उभी होती. जाऊला ओल्या बाजूला घातलं, जिथं भिजलेल्या चादरींच्या गाड्या ढकलाव्या लागत. पण डोकेदुखी हळूहळू उतरली. संध्याकाळी ओढणी खांद्यावरच राहू लागली.

गल्लीत बातमी कधी चालत जात नाही, धावतच जाते. आधी आली शेजारची, शाळेच्या बसवर काम करणारी. "जरा माझंही बघ ना. कुणाला सांगणार नाही." तिनं कुणाला सांगितलं नाही म्हणजे फक्त आपल्या बहिणीला सांगितलं. मग शेजारच्या गल्लीतले, कुलपं-किल्ल्या करणारे काका आले, मग त्यांचा भाचा, मग दोन जिने सोडून राहणारी शिवणकाम करणारी, तिच्यामागून तिची सासू. संध्याकाळी भिंगरी पूल ओलांडून घरी यायची तेव्हा जिन्यात माणसं बसलेली असायची, पाय टेकवून, तोंड मिटून, आधीच शिकवून ठेवल्यासारखी. सासूबाई त्यांच्यावर लक्ष ठेवीत. "बोलायचं नाही. बोललात की आकडा चढतो."

कुणाचा चढलेला निघे, कुणाचा नाही. ज्याचा निघे त्याला ती हात धरून सांगे, मोठ्या रुग्णालयात जा, असं जा, अमुक खिडकीशी उभे राहा. संस्थेच्या गोळ्यांना मात्र तिनं अलीकडे हात लावला नाही. एवढी एक रेघ तिनं पाळली आणि त्या रेघेच्या आधारानं मनाला समजावत राहिली.

मन समजलं नाही. पलीकडे काम करताना तिला अंगावर मुंग्या चालल्यासारखं होई. बसावंसं वाटेना आणि उभं राहवेना. एका घरी तिनं पट्टा बांधला आणि मशीन सुरू करायलाच विसरली. दुसऱ्या घरी गोळ्या देऊन जिना उतरली आणि पुन्हा वर गेली, दिल्या का ते विचारायला. पुलावर मधोमध आली की पाय अडखळत. शेवटी एका सकाळी ती पलीकडे न जाता सरळ संस्थेच्या कचेरीत गेली आणि डॉक्टरबाईंच्या दारात उभी राहिली.

"बसा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको. उभ्यानंच सांगते." आणि तिनं सगळं सांगितलं. जाऊचं, जिन्याचं, काकांचं, भाच्याचं.

डॉक्टरबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. भिंगरीला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत आणि ते जास्त जड गेलं.

"जाऊबाईंचं मोजलंत ते बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढे माणूस पडत असताना नियम बघायचा नसतो. तो नियम मी तसा शिकवायला हवा होता. पण बाकीचं... आमच्याकडे याला भेसळ म्हणतात. दोन बाजूंमधला फरक बघायचा म्हणून हे सगळं चाललंय. तुम्ही तुमची बाजू सुधारलीत, की फरक कमी दिसणार. फरक कमी दिसला, की वर बसलेली माणसं म्हणणार, घरभेटींचा काही उपयोग नाही, बंद करा. मग तुमच्या बाजूलाही नाही, पलीकडेही नाही, कुठेच नाही."

"म्हणजे माझ्या गल्लीतली माणसं आजारी राहिली तर तुमचं गणित सुटणार?"

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असंच आहे ते. त्यापायी मला झोप येत नाही, पण असंच आहे."

भिंगरी भांडायच्या तयारीनं आली होती. समोरचं माणूस भांडेना, म्हणून तिला रडू आलं. उभ्यानंच रडली.

झालेली गोष्ट डॉक्टरबाईंनी लपवली नाही. वर कळवलं. भिंगरीची आणि तिच्या शेजारची अशा दोन गल्ल्या मोजणीतून काढून टाकायच्या असं ठरलं. भिंगरीला काढलं नाही, पण तिच्या घरभेटी बंद केल्या. निळी पिशवी परत घेतली आणि तिला कचेरीत कॉम्प्युटरपुढे बसवलं, इतरांनी आणलेले आकडे तपासायला. जिच्या पायाला भिंगरी, तिला चाकाची खुर्ची. ती खुर्ची दिवसभर खोलीभर फिरे. शेजारी बसणारा कारकून म्हणाला, "तुम्ही बसूनही चालताच की हो."

घरी जिन्यातली माणसं आणखी काही संध्याकाळी आली, मग यायची थांबली. "भाऊजी, तुमचं तेवढं राहिलंच," ती एकदा दिराला म्हणाली होती, अजून मशीन होतं तेव्हा. तो म्हणाला होता, "मी दिवसातून किती वेळा पूल ओलांडतो माहितेय? मी अलीकडचा का पलीकडचा? मला मधे कठड्यावर बसवून मोज." आणि टेम्पो सुरू करून गेला होता. बायकोला दर महिन्याला तोच रुग्णालयात सोडी, फाटकाबाहेर फेऱ्या मारी आणि घेऊन येई. आत कधी गेलाच नव्हता. गाडी कुठे लावणार?

मशीन परत गेल्यानंतर एका संध्याकाळी तो मान चोळत बसला होता. "भिंगरे, आण तुझं यंत्र. आज मी तयार आहे."

"परत दिलं हो, भाऊजी."

"बघ! गिऱ्हाईक आलं आणि दुकान बंद."

"केंद्रात जा ना. उद्या डॉक्टर असतात."

"उद्या माल भरायचाय. जाईन शनिवारी." आणि मग मानेवरून हात काढून त्यानं सासूबाईंची नक्कल केली, बोलायचं नाही, आकडा चढतो, आणि घर हसलं.

शनिवार यायच्या आत तो पडला. माल उतरवता उतरवता, खांद्यावर खोकं असताना. ज्या दुकानाचा माल होता त्यांनी आधी पाणी मारलं, मग चप्पल हुंगायला दिली, मग त्याच्याच टेम्पोत घालून त्याला मोठ्या रुग्णालयाकडे नेलं. वाटेत चालवणाऱ्याला रस्ता सापडेना. या वेळी रखवालदारानं गाडी आत सोडली.

जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळंच गेलं नाही, एक शब्द राहिला. "चला." तहान लागली तरी चला, दुखलं तरी चला, बायकोचं नाव घ्यायचं असलं तरी चला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. सगळी वाणी जाते आणि एखादा शब्द अडकून राहतो. सरावानं थोडं परत येईल. सराव करून घेणारी बाई रुग्णालयात आठवड्यातून एकदा यायची, आणि तिची यादी लांब होती.

वॉर्डात जाऊ त्याच्या पलंगाशी उभी होती. तिनं चादरीचा कोपरा उलटा करून बघितला. तिथं लाँड्रीची निळ्या दोऱ्याची खूण होती. ती चादर तिनं हातानं सपाट केली, पुन्हा पुन्हा, रुळाच्या तोंडाशी धरतात तशी. मग भिंगरीकडे न बघता म्हणाली, "मला मोजलंस. किल्लीवाल्याच्या भाच्याला मोजलंस. यांना नाही."

भिंगरीकडे उत्तर होतं. ते गिळून ती बाहेर पडली, चालत सुटली, बस आली तरी चढली नाही, आणि कचेरीत पोचली तेव्हा डॉक्टरबाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. भिंगरीनं तो फोन संपू दिला नाही.

"माझे भाऊजी पडले. तुमची भेसळ नको म्हणून मी मशीन परत दिलं आणि ते पडले. आता तुमच्या खात्यात एक झटका वाढला, अलीकडच्या बाजूला. फरक चांगला दिसेल!"

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "तुमची गल्ली आपण मोजणीतून काढलीय," त्या हळूच म्हणाल्या, आणि म्हणताच त्यांना कळलं की हे वाक्य याहून वाईट आहे. त्या खाली बसल्या. "मला काय बोलावं कळत नाही."

त्यांनी टेबलावरचे आकड्यांचे कागद पुढे ओढले. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक गोष्ट बरेच दिवस मला खुपतेय. दोन्ही बाजूंना आपण मोजलेली माणसं कोण आहेत ते बघत होते. म्हाताऱ्या बायका, निवृत्त माणसं, लहान मुलं सांभाळणाऱ्या आया. कामावर जाणारा माणूस दोन्हीकडे जवळजवळ नाहीच. पलीकडे आपण दर महिन्याला जातोय, तरी नाही. आपण जातो तेव्हा ते घरी नसतात. ते घरी येतात तेव्हा आपण आपल्या घरी असतो. तुमच्या जाऊबाई, तुमचे भाऊजी, पुलाची कुठलीही बाजू असती तरी सुटलेच असते."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"संशय होता. आकडे या महिन्यात जुळले. कामाच्या फाटकांवर मोजायची परवानगी मागितलीय, दोन्ही बाजूंसाठी, आणि धोक्याचा आकडा निघाला तर कुठल्याही बाजूच्या माणसाला त्याच दिवशी गोळी. परवानगी येईल. माझ्याकडे माणसं नाहीत." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "खुर्चीवरून उठाल?"

भिंगरीचा राग गेला नव्हता. पण पाय आधीच वळले होते.

लाँड्रीच्या फाटकावर भोंगा वाजला की बायका पाण्याच्या लोंढ्यासारख्या बाहेर पडत. बस पकडायची, मुलं आणायची, भाजी घ्यायची. त्यांना पाच मिनिटं गप्प बसवणं म्हणजे वाहत्या नळाला बोट लावणं. भिंगरीनं फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर सतरंजी टाकली आणि बस यायला वेळ आहे त्यांना आधी धरलं. लाँड्रीचा मुकादम आला. "हे काय चाललंय?"

"तुमचं मोजायचं राहिलंय," ती म्हणाली. "बसा." तो बसला, आणि त्याचाच आकडा सगळ्यांत वर निघाला. त्यानंतर त्यानं कट्ट्यावर सावलीसाठी जुनी ताडपत्री बांधून दिली.

मालाच्या अड्ड्यावर, बसच्या आगारात, गोदामांच्या दारांशी ती फिरत राहिली. दिराच्या बरोबरीचे टेम्पोवाले तिला ओळखत. ते थट्टा करायचे आणि मग स्वतःहून बाही वर करायचे. घरी आली की ती दिराच्या समोर बसे, जास्तीत जास्त बसवेल तितकी, आणि त्याचा सराव घेई. "पाणी म्हणा, भाऊजी." "चला." "आई म्हणा." "चला." एकदा तो स्वतःच हसला, तोंडाच्या एका बाजूनं, आणि त्या हसण्याला जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दिवशी तिनं भिंगरीला जेवायला वाढलं आणि तिच्या शेजारी बसली.

पुढे अभ्यास संपला. फरक दिसला. फार मोठा नाही, पण दिसला. पलीकडे झटके कमी झाले होते. डॉक्टरबाईंनी अभ्यासात काम करणाऱ्या सगळ्यांना बोलावून ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, की अलीकडच्यासारख्या, नुसत्या बघितलेल्या वस्त्यांत घरभेटी सुरू करायला मंजुरी मिळालीय, पण सगळ्या गल्ल्यांना पुरतील एवढ्या गोळ्या पहिल्या वर्षी मिळणार नाहीत. म्हणून कुठल्या गल्ल्या आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

भिंगरीची गल्ली निघाली होती. शेजारची, जिथं किल्लीवाले काका राहायचे, ती नव्हती.

सभा उठली. माणसं खुर्च्या उचलत होती. भिंगरी डॉक्टरबाईंपाशी गेली. "या वेळी आधीच सांगते. मी शेजारच्या गल्लीतही जाणार."

"आता अभ्यास नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता कुणी भेसळ म्हणणार नाही. जा, मोजा. फक्त गोळ्या माझ्याकडे नाहीत, हे मात्र खरं."

"मग मोजून काय सांगू त्यांना?"

डॉक्टरबाई तिच्याबरोबर खुर्च्या उचलू लागल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी शेजारच्या गल्लीत गेली, माणसं कामावर निघायच्या आत. ज्यांचा आकडा चढलेला निघाला त्यांना ती म्हणाली, "चपला घाला." काका, त्यांचा भाचा, एक रखवालदार, दोन बायका. त्या सगळ्यांना घेऊन ती आपल्या गल्लीच्या टोकाच्या आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर अजून आले नव्हते. शिपायानं सांगितलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या इथं नसतात.

"माहितेय," ती म्हणाली. "आम्ही थांबतो. डॉक्टरांना यायला उशीर झाला तरी थांबतो. आणि गोळ्या मागवल्या नाहीत तर उद्या पुन्हा येतो."

बाकावर सगळे दाटीवाटीनं बसले. काका म्हणाले, "तूही बस की गं."

"तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघून आली, आणि पुन्हा गेली.